नदीच्या त्या बाजूला

त्या हिवाळ्यात आमच्या घरात बोललेलं नीट ऐकू येत नसे. दोन खोल्यांपैकी पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली होती, आणि कापूस आवाज पिऊन टाकतो. माय मागच्या खोलीतून हाक मारायची, ती मला शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटायची. भाव वाढेल, आणखी आठ दिवसांनी वाढेल, असं म्हणत गावातल्या सगळ्यांनीच कापूस घरात ठेवला होता. माणसं ओसरीत आणि चुलीपाशी झोपत, कापूस तेवढा घरात. बाबा रोज सकाळी उठल्या उठल्या त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहायचे, आतून गरम तर होत नाही ना म्हणून. आजारी लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा तो हात असायचा. अंगाला खाज सुटायची, केसांत, चहात, भाकरीच्या पिठात कापसाचे तंतू सापडायचे. त्या वर्षांत कापसाचं आणि कर्जाचं नाव निघालं की मोठी माणसं आवाज खाली करायची, आणि आम्ही पोरी समजून उठून जायचो. आता माझ्या घरात सगळं स्वच्छ ऐकू येतं, नळ गळतो तेही. पण मायची ती दुरून आल्यासारखी हाक मला अजून अधूनमधून हवीशी वाटते.

आमचं गाव घाटंजीपासून दोन कोसांवर. मी घाटंजीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथं कसं वागायचं हे विचारायला घरी कोणी नव्हतं. मी वर्गात तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. आमच्याकडे बायासुद्धा ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. कॉलेजात तसं बोललं की मागच्या बाकावरून हसू यायचं, म्हणून मी शक्यतो वाक्यच टाळायची. इतिहासाला गावंडे सर होते. उंच, सडपातळ, खिशाला शाईचा डाग असलेले. एकदा शिकवता शिकवता ते थांबले आणि म्हणाले, पानिपत तुम्हाला पाठ आहे, फ्रान्सची राज्यक्रांती पाठ आहे. आता आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली एक गोष्ट सांगा, कोणतीही. सगळे वह्या चाळू लागले. कोणीतरी कळंबचा चिंतामणी गणपती म्हणालं, तर सर म्हणाले, बरं, पण तिथलं कुंड जमिनीखाली का आहे? त्या दिवशी सरांनी ठरवलं की या वर्षीची सहल लांब कुठं जाणार नाही, जिल्ह्यातच फिरेल, आणि ती कुठून कुठं जायची हे आम्हीच ठरवायचं.

ते ठरवण्याचे दिवस मला कॉलेजातल्या दिवसांमधले सगळ्यात सुखाचे वाटतात. वाचनालयाच्या भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा होता. तो काढून टेबलावर पसरला आणि त्यावर बटर पेपर ठेवून रेघा उतरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी रेघ हलत नाही असं सरांचं म्हणणं होतं. पहिला बेत तीन दिवसांचा होता. त्यात सगळा जिल्हा होता. मारेगावकडचा एक पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, होता, तिथले म्हातारे ढोल वाजवतात असं एका मुलानं सांगितलं. यवतमाळचं अरुंद रुळांचं स्टेशन होतं, जिथून इंग्रजांच्या काळी आपला कापूस समुद्राकडे जायचा. नदीकाठची पडकी हेमाडपंती देवळं होती, आणि परतताना कळंबचं कुंड. मग मुलींच्या घरून मुक्कामाला नकार आले आणि तीन दिवसांचे दोन झाले. मग कापसाचा हंगाम, गाडी दोन दिवस मिळणार नाही, म्हणून दोनाचा एक झाला. माझी मैत्रीण वंदना, तिच्या मामाची मॅटॅडोर होती. ती फक्त रविवारी रिकामी असायची. दर बैठकीत मी खोडरबर घेऊन एकेक गाव पुसायची. मारेगाव पुसलं त्या दिवशी तो ढोलवाला मुलगा बैठकीतून उठून गेला. पुसलेल्या रेघा बटर पेपरवर दिसतच राहतात, उजेडात धरला की अजून दिसतात. मी वर मान न करता पुसत राहायची, कारण माझ्या मनात एक गाव होतं आणि ते मी अजून नकाशावर काढलंच नव्हतं.

माझ्या मायचं गाव टाकळी. टाकळ्या आपल्याकडे पायलीला पन्नास, पण ही बाभुळगावकडची, नदीकाठची. मी ती कधी पाहिली नव्हती. मी लहान असताना आजा वारला, आजी त्याच्याआधी गेली होती, आणि मग धरणाचं निघालं. गाव उठायचं ठरलं. लोक हळूहळू नव्या जागी, माळावर आखून दिलेल्या प्लॉटांवर राहायला गेले; मामा तिथंही न राहता कामासाठी पुलगावकडे गेला. जिथं कोणी नाही तिथं माहेरपणाला कोणाकडे जाणार? एसटीही तिकडं जाईनाशी झाली. माय कधी रडली नाही, पण वेचणी करता करता, भाकरी थापता थापता तिच्या बोलण्यात टाकळी यायची. उजाडताना नदीवर भांडी घासायला बसलं की सूर्य पाण्यातून वर यायचा. घरामागं बोरीचं झाड होतं, त्याची बोरं साखरेसारखी. आज्यानं दीक्षा घेतली त्या वर्षी गावाच्या कडेला पिंपळ लावला होता आणि उन्हाळ्यात घरचं पाणी वाचवून त्याला घातलं होतं. तो पिंपळ आता केवढा झाला असेल, असं माय म्हणायची, आणि मग स्वतःच म्हणायची, झाला असन मोठा, पाणी तं आता त्याले लय भेटनार हाय. येत्या पावसाळ्यात धरणाची दारं बंद होणार, असं सगळे म्हणत होते.

मी त्या गावाचं नाव बैठकीत काढू शकले नाही. सगळे गेल्यावर सर कपाट लावत होते, तेव्हा मी दारात उभी राहिले. बराच वेळ उभी असेन, कारण सरांनीच शेवटी विचारलं, काय गं? मी म्हटलं, बाभुळगावला जाणारच आहोत तर तिथून पुढं टाकळी जवळ आहे. सरांनी विचारलं, तिथं पाहायला काय आहे? देऊळ, शिलालेख, गढी? मी आठवू लागले. बोरीचं झाड, पिंपळ, भांडी घासायची जागा. यातलं एकही इतिहासाच्या वहीत लिहिता येईल असं मला वाटेना.

“काही नाही सर,” मी म्हटलं. “फक्त ते पुढच्या वर्षी राहणार नाही.”

सरांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली, आणि म्हणाले, काढ नकाशावर. मी तिथंच बसून काढलं. छापील नकाशात ती टाकळी नव्हती, म्हणून मायच्या गोष्टींवरून जागा ठरवली. सूर्य पाण्यातून वर येतो, म्हणजे नदी गावाच्या पूर्वेला. गाव पश्चिमेच्या काठावर. मी नदीच्या या बाजूला एक ठिपका दिला आणि शेजारी इतर गावांपेक्षा जरा मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. बाभुळगावपासून तिथवर तुटक रेघ ओढली. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं काहीतरी शोधून काढलं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

घरी परवानगीचा प्रश्न होता. बाबा ऐकून घेऊन कापसाच्या ढिगाकडे पाहत बसले. मग म्हणाले की पोरगी एकटी गाडीत बसून जाणार नाही. तिची माय संग जाईल तर जाऊ द्यावं. मला वाटलं बाबा अडवताहेत. आज वाटतं, बाबांनी नकाशा नीट पाहिला होता. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण घाटंजीपासून निघालेली रेघ कुठं जाऊन टेकते हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. सरांनी मायला न्यायला लगेच हो म्हटलं. माय मात्र आठवडाभर नाही नाही म्हणत होती. कॉलेजच्या पोराइत मी काय करू, अडाणी बाई, असं म्हणायची, आणि दुसरीकडे हिरवं लुगडं धुऊन, पाणी शिंपडून, घडी करून उशाखाली ठेवायची. बाजारातून तिनं जवस आणली आणि चटणी कुटली. एवढी चटणी की सगळी मॅटॅडोर जेवली असती. माझी धाकटी बहीण हसून म्हणाली, माय, सहलीले चालली का लग्नाले? मायनं तिच्या पाठीत हलकासा धपाटा घातला, पण ती हसत होती. माझ्याजवळ बसून ती नकाशावर बोट फिरवायची आणि विचारायची, हे काय, हे काय. मी यवतमाळ दाखवलं, बाभुळगाव दाखवलं. टाकळीचा ठिपका दाखवला तेव्हा तिनं बोट उचलून घेतलं, जणू चटका बसला. त्यामुळे माझा ठिपका बरोबर आहे की चूक हे तिनं तेव्हा पाहिलंच नाही.

सहलीच्या आठवड्यातच बाबांचा धीर संपला. भाव वाढत नव्हता, उलट आता खरेदीच बंद होते अशी बातमी फिरत होती. बुधवारी त्यांनी बैलबंडीत कापूस तुडवून भरला आणि घाटंजीच्या सरकारी कापूस संकलन केंद्रावर विकायला नेला. ज्यांनी ती लाइन पाहिली नाही त्यांना ती सांगून पटणार नाही. फाटकापासून बंड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं पार नाल्याच्या पुलापर्यंत उभ्या असत. प्रत्येक गाडीच्या फळीवर खडूनं नंबर. दिवसाला लाइन कधी दहा-वीस हात सरके, कधी अजिबात नाही. नियम एकच होता आणि तो कुणी लिहिलेला नव्हता: बंडीपाशी घरचं माणूस पाहिजे. लाइन सरकली आणि बंडीपाशी कोणी नसलं की मागचे वळसा घालून पुढं जात, नंबर गेला. त्यामुळे माणसं तिथंच राहत, तिथंच जेवत, भाऊबंद बदलीवर येत. मागचा-पुढचा बंडीवाला हा शेजारी होऊन जाई. बाबांच्या पुढची बंडी भिका नाईकांची होती, तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची, आणि त्यांची बाई दिवसा तिथंच तीन दगडांवर भाकरी करायची.

शनिवारी दुपारी नाईकांचा पोरगा बाबांना सायकलच्या मागं बसवून घरी घेऊन आला. अंगात ताप फणफणत होता, दात वाजत होते. पोरगा म्हणाला, आजच्या दिवस आम्ही पाहतो, पण उद्या कोणाले तरी पाठवा, उद्या लाइन सरकन म्हणतात. काका नागपूरला बांधकामावर होता. बहीण लहान. राहिलो आम्ही दोघी. मायनं बाबांच्या अंगावर गोधडी टाकली, काढा ठेवला आणि मग उशाखालची हिरव्या लुगड्याची घडी काढून पेटीत ठेवून दिली. ते तिनं इतक्या सहज केलं की मला आधी कळलंच नाही.

“तू जाय,” ती म्हणाली. “त्यात तुहं शिक्षण हाय. मी बसतो लाइनीत.”

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. हे लिहिताना मला स्वतःला चांगलं दाखवण्याचा मोह होतो, पण तसं झालं नाही. मी मनातल्या मनात हिशोब करत होते की माझ्याशिवाय नकाशा कोण वाचेल, वाट कोण सांगेल. तीन दिवसांचे दोन, दोनाचा एक, एवढं पुसत पुसत मी तो एक दिवस वाचवला होता. मग मी पेटीकडे पाहिलं. झाकणातून लुगड्याचा हिरवा काठ बाहेर राहिला होता.

“माय, मी कधी बी जाईन,” मी म्हटलं. “मले कोणी अडवलं नाई. टाकळी राहात नाई पुढच्या साली.”

“मले काय पाह्यचं हाय थे? पाह्यलं न मी. जलमली मी तिथं.”

“मंग माहा ठिपका कोण दाखवन सरले?”

गोधडीतून बाबांचा आवाज आला. आम्हाला वाटलं ते तापात बरळताहेत.

“तिच्या बापाले म्या मांडवात सांगतलं होतं, दरसाल आणून सोडीन म्हणून,” ते म्हणाले. “जाऊ दे तिले. पोरगी बसन लाइनीत. नाईक हाय, त्याइची बाई हाय.”

मायनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, चटणी तं केलीच हाय.

रविवारी उजाडता उजाडता मी तिला घाटंजीच्या चौकात घेऊन गेले. मॅटॅडोरमध्ये सतरंजी टाकली होती, पोरं आधीच गाणी म्हणत होती. मी सरांना सांगितलं की माझ्या जागी माय येते. सर काहीतरी विचारणार होते, पण माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खाली उतरून मायचा डबा हातात घेतला आणि म्हणाले, या बाई, समोर बसा, वाट तुम्हालाच सांगायची आहे. माय म्हणाली, मले कोनची वाट मालूम, मी तं बंडीत झोपून आलती लग्न होऊन. सगळे हसले. मी नकाशा वंदनाच्या हातात दिला. गाडी वळली तेव्हा माय काचेतून मागं पाहत नव्हती. ती समोर, अगदी ताठ, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी बसली होती.

मी लाइनीत आले आणि बंडीतल्या कापसावर चढून बसले. भिका नाईकांनी खालून वर पाहिलं आणि बायकोला म्हणाले, “पाह्य, आज मास्तरीणबाई आल्या नंबर लावाले.” ते फार चिडवायचे. कोणत्या राजाचा कापूस कोणत्या साली विकला गेला हे सांग म्हणायचे, मग आपण त्याच्याही मागं उभे आहोत का ते कळेल. दुपारी त्यांच्या बाईनं मला छोरी म्हणून हाक मारून सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी आणि भाकर दिली. एकदा लाइन सरकली. बैल जुंपत बसायला वेळ नव्हता; नाईकांनी आमच्या बंडीचं जू उचललं, मी आणि त्यांच्या बाईनं मागून चाकाला रेटा दिला, बंडी वीसेक हात पुढं गेली, नंबर वाचला. पण त्या दिवशीचं मला आठवतं ते हे नाही. मी सूर्याकडे पाहत होते. सूर्य चिंचेच्या शेंड्याला आला, म्हणजे ते यवतमाळच्या स्टेशनात असतील, सर रुळांची रुंदी दाखवत असतील. तो डोक्याकडे निघाला, म्हणजे बाभुळगाव. आता डबे सोडले असतील. आता तुटक रेघ. त्या रेघेवर मी मायबरोबर इंच इंच गेले. तिथं रस्ता कसा असेल, बाभळी असतील का, हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी आमच्याच गावच्या रस्त्याच्या बाभळी उचलून तिथं लावल्या. ऊन कलायला लागल्यावर मी मनातसुद्धा परत यायला तयार नव्हते. कळंबचं कुंड त्यामुळे माझं राहूनच गेलं.

दिवेलागणीला मॅटॅडोर थेट लाइनीपाशीच आली. मायला वाटेत बाबांकडे न उतरवता इथं का आणलं, असं मी विचारणार होते, तोच ती पदराची ओटी दोन्ही हातांनी धरून उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होऊन वाळलेलं, त्यावर चिखलाची रेघ. वंदनानं उडीच मारली आणि एका दमात सांगायला लागली. माझ्या नकाशाप्रमाणे ते नदीवर पोचले तर तिथं गावच नव्हतं, नुसती पडीक वावरं. गाडीवाला वैतागला, सरांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. परत फिरून पुलावरून यायचं तर दोन तास मोडले असते, आणि सगळे परतायचं म्हणायला लागले. तेवढ्यात पाहतात तर माय काठावर उभी. ती म्हणाली, गाव थे काय दिसते, पल्याड. आणि कोणी काही बोलायच्या आत लुगडं खोचून ती पाण्यात उतरली. पाणी गुडघाभर होतं. ती दगड न पाहता पाय टाकत होती, वंदना म्हणाली, अंधारात आपल्या घरात चालावं तशी. मग सर बूट हातात घेऊन उतरले, मग पोरी सलवारी वर धरून, मग सगळेच. मधे पोचल्यावर मायनं मागं पाहिलं आणि सरांचा एक बूट पाण्यात पडलेला पाहून ती अशी हसली की सगळे नदीत उभे राहून हसत होते.

त्या पलीकडचं मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं, काही त्या दिवशी, काही पुढं वर्षानुवर्षं. घरांची दारं, खांब, वासे लोकांनी काढून नेले होते, नुसत्या भिंती उभ्या होत्या. माय पुढं आणि मागं वह्या काढलेली वीस पोरं. ती प्रत्येक भिंतीपाशी थांबून सांगत होती, इथं अमका राहायचा, इथं चक्की होती, इथं होळी पेटायची, ही हद्द, याच्या पुढं आम्हाले येऊ देत नव्हते. शेवटचं वाक्य सरांनी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. पिंपळाखाली तिनं हात जोडले, तेव्हा वंदनाही जोडून उभी राहिली. आज्याच्या घरात, जिथं चूल होती तिथं माय जरा बसली आणि सरांनी पोरांना बाहेर नेलं. ती आत काय करत होती ते कोणालाच माहीत नाही. मी तिला पुढं कितीदा विचारलं. ती दरवेळी सांगायची की पोरं लय चांगली होती, चटणी सगळी संपली, आणि येताना घाटात एका पोरीला उलटी झाली.

पण त्या संध्याकाळी, सर आणि पोरं गेल्यावर, ती बंडीत माझ्या शेजारी चढून बसली आणि तिनं ओटी सोडली. बोरं. तांबूस, पिवळी, थोडी दबलेली, पदराच्या कापडाचा वास लागलेली. ती खरंच साखरेसारखी होती. आम्ही दोघींनी खाल्ली, नाईकांना आणि त्यांच्या बाईला दिली, मागच्या बंडीवाल्यालाही दिली. मी भुकेली होते आणि दिवसभराच्या उन्हानं तोंड कोरडं झालं होतं; मी एकामागून एक खात होते आणि बिया लाइनीच्या कडेला थुंकत होते. एखादी जपून लावावी, हे त्या वयात मला सुचलं नाही. आज त्या संकलन केंद्रापाशी सिमेंटचा रस्ता आहे, तिथून जाताना मी अजून उगाच खाली पाहते.

खाता खाता मी तिला म्हटलं की माझा ठिपका चुकला, तुम्हाला त्रास झाला. तिनं नकाशा मागितला. मी वंदनाकडून घेतलेला तो कागद कापसावर पसरला. माय वाकून पाहू लागली. आता तिला रेघा कळत होत्या, ती त्यांच्यावरून जाऊन आली होती.

“हे तू काढलं ना, हे आपलं वावर,” ती म्हणाली. “वेचणीले आमी तीन महिने वावरातच राहो. खोपडी होती. भांडे तिथंच घासो. तुले मी वावराच्याच गोष्टी सांगतल्या असन.”

मग तिनं तोंडातली बी काढली, लुगड्याला पुसली आणि नदीच्या त्या बाजूला, कागदावर ठेवली.

“गाव इथं.”

मी खिशातला पेन काढला आणि बी हलू न देता तिच्याभोवती गोल काढला. अंधार पडत आला होता, म्हणून गोल थोडा वाकडा आला. माझी रेघ हलत नाही असं सरांचं म्हणणं होतं, ती तेवढी एकदा हलली. दोन दिवसांनी आमचा नंबर लागला, बंडी रिकामी झाली. बाबा उठले. घराच्या पुढच्या खोलीत पुन्हा आवाज उमटू लागला. सरांनी सहलीचा अहवाल कॉलेजच्या भिंतीवर लावला आणि टाकळीच्या परिच्छेदाखाली, माहिती देणार म्हणून, मायचं पूर्ण नाव लिहिलं. रेशनकार्डाशिवाय दुसरीकडे कुठं ते नाव लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मायला मी ते दाखवायला नेलं, तर ती नावाकडे न पाहता कागद सरळ लागला नाही म्हणाली आणि टाचणी काढून नीट लावून दिली.

मी कधी बी जाईन म्हटलं होतं. पुढं शिक्षिका झाल्यावर शाळेची सहल घेऊन एकदा धरणावर गेले. पोरं भिंतीवर पळत होती, मी कठड्यापाशी उभी राहून पाण्याकडे पाहत होते आणि आपली बाजू कोणती, पलीकडची कोणती हे मला ठरवता येईना. माय आता नाही. तो बटर पेपर पिवळा पडला आहे, घडीवर फाटायला आला आहे. जिल्ह्याचा नवा नकाशा बाजारात मिळतो. मी तो आणून त्यावर हा कागद ठेवून पाहिला. यवतमाळ यवतमाळवर बसलं, बाभुळगाव बाभुळगाववर. पुसलेलं मारेगावसुद्धा बरोबर बसलं. माझा ठिपका आणि मायचा गोल, दोन्ही धरणाच्या निळ्यात आले. ठिपक्यापासून गोलापर्यंत बोटाच्या पेराएवढं अंतर आहे. तेवढं ती त्या दिवशी पायी गेली.